दोन घरची गोळी

ती बाई आजही मधल्या खाटा ओलांडून सरळ त्याच्याच खाटेपाशी येऊन थांबली, आणि माणिकप्पाने उशी डोक्याखाली आणखी दाबून घेतली.

डॉक्टर सगळ्यांकडे येत. नर्सबाई सगळ्यांकडे येई, फरशी पुसणारी सगळ्या खाटांखालून फडकं फिरवी, चहावाला तर नको म्हटलं तरी थांबे. ही एकटीच निवडून थांबायची. अंगात पांढरा कोट, पण गळ्यात डॉक्टरांची नळी नाही. हातात सुई नाही, गोळ्यांची ताटली नाही. दाराशी उभं राहून एकदा सगळ्या वॉर्डावरून नजर फिरवायची, मोबाइलमध्ये काहीतरी बघायची आणि मग चालू लागायची. माणिकप्पाने जन्मभर लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी म्हणून काटा धरला होता. तिथे माणसाच्या तोंडाकडे बघायचं नसतं. शेतकऱ्याच्या तोंडावर आशा असते, अडत्याच्या तोंडावर हसू असतं, दोन्ही खोटी. पायांकडे बघायचं. पाय कुठे थांबतात त्यावरून पोटातलं कळतं. म्हणून तो पहिल्या दिवसापासून तिच्या पायांकडे बघत होता. ते पाय खिडकीजवळच्या अर्धापूरच्या केळीवाल्यापाशी थांबले, आणि दुसऱ्या दिवशी त्या खाटेवर नवी चादर होती. मग ते एका पेन्शनर मास्तरांपाशी थांबले, आणि दुपारी मास्तरांना वरच्या मजल्यावर नेलं ते परत खाली आलेच नाहीत. शेजारच्या खाटेवर पाय मोडून पडलेला कंधारचा भीमा होता. त्याच्याकडे ही बाई कधी फिरकली नाही. तो मजेत म्हणाला होता, "आप्पा, ही यमाची कारकून हाय बघा. आधी येऊन नाव लिहून जाती, मागून रेडा येतो." सगळे हसले होते. माणिकप्पाही हसला होता. हसताना हिरडीतून खारट चव जिभेवर आली होती, आणि ती त्याने कुणाला न दाखवता गिळली होती.

नर्सबाईला त्याने सहज विचारल्यासारखं विचारून पाहिलं होतं, ही बाई कोण. ती म्हणाली, धम्मप्रिया मॅडम, औषधांच्या आहेत. एकट्याच आहेत ना, म्हणून ज्यांना धोका जास्त त्यांच्याकडे आधी जातात. एवढं बोलून ती सलाइनची नळी टिचकीने हलवून पुढे गेली. तिला वाटलं असेल की म्हाताऱ्याला उत्तर मिळालं. त्या शब्दानंतर माणिकप्पाला झोप लागली नव्हती. ज्यांना धोका जास्त. म्हणजे कुठेतरी त्याचं वजन झालं होतं, त्याला न सांगता, आणि पारडं खाली गेलं होतं.

बाईने स्टूल ओढून घेतलं. तिचा आवाज मऊ होता, आणि त्या मऊपणाचीच त्याला जास्त भीती वाटली. तिने विचारलं, आजोबा, इथल्याशिवाय दुसरं काही औषध घेता का? घरून आणलेलं, कुणी दिलेली पुडी, काढा, काहीही? पायथ्याशी धाकटी सून अंजू मोसंबी सोलत बसली होती. सालीचा वास वॉर्डातल्या फिनेलच्या वासात मिसळला होता. तिचा हात क्षणभर थांबला, किंवा त्याला तसं वाटलं.

"न्हाई," माणिकप्पा म्हणाला.

बाईने त्याच्या हाताकडे पाहिलं. मनगटापासून कोपरापर्यंत जांभळे-काळे डाग पसरले होते. ती म्हणाली, रक्त पातळ करणारी गोळी आम्ही आल्या दिवशीच बंद केली. त्यावर उतारा म्हणून इंजेक्शनही दिलंय. आत्तापर्यंत रक्त जाग्यावर यायला पाहिजे होतं. ते येत नाही. कुठून तरी ते पातळ होऊन राहिलंय. मग तिने आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मोंढ्यात अडते अशी वाट बघत, समोरच्याने स्वतःहून भाव बोलावा म्हणून. माणिकप्पाने सदऱ्याच्या आत हात घालून छातीवरच्या इष्टलिंगाची पेटी मुठीत धरली. बाई उठली. म्हणाली, काही आठवलं तर मला हाक मारा.

ती गेल्यावर अंजूने मोसंबीची फोड त्याच्या हातावर ठेवली. तिने काही विचारलं नाही. ती कधीच काही विचारत नसे, आणि म्हणून नांदेडच्या घरात त्याला बरं वाटे. पण आज तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं असंही त्याला वाटून गेलं.

उशीखाली तंबाखूची चंची होती. तंबाखू सुटून वर्षं झाली होती. चंचीच्या आतल्या कप्प्यात लातूरच्या गोळ्यांची पाकिटं होती.

त्याला दोन मुलं. थोरला श्रीशैल लातूरला, गंजगोलाईत कापडाचं दुकान. धाकटा रुद्रेश नांदेडला, तरोडा नाक्याजवळ हार्डवेअरचं. पाडव्याला म्हातारा नांदेडला यायचा, दसऱ्याला लातूरला जायचा. ही पाळी कुणी बसून ठरवलेली नव्हती. बायको उमादेवी गेली त्या वर्षी ती आपोआप पडली. उमादेवी लातूरला वारली, श्रीशैलच्या डॉक्टरच्या हाताखाली. तिच्या समाधीची माती ओली असताना रुद्रेश म्हणाला होता, माझ्याकडे आणली असती तर आई जगली असती. श्रीशैल हातातलं खोरं खाली टाकून चालू लागला, आणि त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले ते आप्पाच्या तोंडूनच. दादाला सांगा भाड्याचं काय ते. त्याला म्हणावं पोरीचं लग्न ठरलं. माणिकप्पा इकडचा निरोप तिकडे नेताना त्यातलं विष गाळून घेई, जसं तूर मापताना खडे वेचतात तसं. आणि त्याचं हृदय ठोका चुकवू लागलं तेव्हा दोन्ही घरी एकदम धांदल उडाली. लातूरच्या डॉक्टरने गोळी दिली. पाडव्याला नांदेडला आल्यावर रुद्रेशने त्याला आपल्या डॉक्टरकडे नेलं, त्यानेही गोळी दिली, आणि रुद्रेश म्हणाला, आता लातूरचं बंद. त्याआधी लातूरहून निघताना श्रीशैलने स्वतःच्या हाताने सहा महिन्यांची पाकिटं चंचीत भरून दिली होती. थोरली सून दामिनी दारात उभी होती. श्रीशैल म्हणाला होता, "आप्पा, तिथं कुणी काय बी सांगू द्या, हीच गोळी घ्या. आईच्या वक्ताला माझ्यावर जे आलं ते पुन्हा येऊ नये."

माणिकप्पा दोघांनाही, हाव, घेतो, म्हणाला होता.

आणि मग त्याने दोन्ही घेतल्या. त्यात त्याला काही अवघड वाटलं नव्हतं. जन्मभर तो कुठल्याही घरून उपाशी उठला नव्हता. एका घरी जेवून दुसऱ्या घरी गेला आणि ताट वाढलं, तर तिथेही अर्धी भाकरी मोडायची, नाही म्हणून अन्नाचा आणि माणसाचा अपमान करायचा नाही, हे त्याच्या आईने शिकवलं होतं. औषध म्हणजे तरी काय, मुलाने काळजीने वाढलेलं. शिवाय त्याने वाचून पाहिलं होतं. अक्षरं त्याला उशिरा आली होती. साक्षरतेच्या वर्गात उमादेवी आणि तो शेजारी शेजारी बसून कंदिलाच्या उजेडात पाटीवर क गिरवत, आणि तिचा क त्याच्यापेक्षा बरा येई. उशिरा आलेल्या गोष्टीवर माणूस जास्त विश्वास ठेवतो. दोन्ही पाकिटांवर कोपऱ्यात बारीक देवनागरीत नाव होतं. त्याने भिंगातून एकेक अक्षर जुळवून दोन्ही वाचली होती. दोन नावं वेगळी होती. नाव वेगळं तर माल वेगळा. मोंढ्यात हे सगळ्यात पहिलं शिकतात. सकाळी नांदेडची, पूजेनंतर लातूरची. दोन्ही पारडी सारखी. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा त्याला रात्री शांत झोप लागली होती, आणि ती शांतता आठवली की आता त्याच्या अंगावर काटा येत होता.

कारण मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. अंजू घासून ठेवलेला तांब्या पुन्हा घासायची. त्यावर तांबूस ओघळ कुठून येतात हे तिला कळत नव्हतं. मग दाराच्या कडीला हात घासला तरी डाग. मग संडासात काळं, डांबरासारखं, आणि उठताना डोळ्यांपुढे भिंत आडवी झाली. शुद्धीवर आला तेव्हा रुद्रेश त्याला रिक्षात मांडीवर घेऊन बसला होता आणि फोनवर कुणाला तरी सांगत होता की लातूरच्या डॉक्टरने वाट लावली. त्या क्षणी माणिकप्पाला जिवापेक्षा चंचीची काळजी वाटली. ती सापडली असती तर रुद्रेशला हवा होता तो पुरावा हातात मिळाला असता. मग भावाचं तोंड त्याने जन्मात पाहिलं नसतं, आणि दसऱ्याला लातूरची गाडी निघाली नसती. पण लातूरची गोळी थांबवणं म्हणजे श्रीशैलला दिलेला शब्द मोडणं. म्हणून कमरेला खोचलेली चंची इथेही आली.

इथे घ्यायची कशी हा प्रश्न नव्हता. रोज सकाळी नर्सबाई ओला टॉवेल देई. तो हातपाय पुसून कपाळाला भस्म लावी, खाटेवर मांडी घाली, पेटीतून लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवी. पूजेला बसलेल्या माणसाकडे कुणी बघत नाही. भीमासुद्धा तोंड भिंतीकडे करी. अंजू बाहेर जाऊन उभी राही. लिंगावर पाणी सोडून ते तीर्थ पिताना गोळी जिभेवर असे. देवाच्या आडून. हे त्याला रोज टोचायचं, पण रोज तो स्वतःला सांगायचा की देवाला दोन्ही पोरं सारखीच.

संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले. ते खाटेपाशी थांबून इंग्रजीत बोलले आणि मग मराठीत रुद्रेशला म्हणाले की आतून कुठे वाहतंय ते दुर्बिणीने बघावं लागेल, पण रक्त असं पातळ असताना दुर्बीण घालायलाही भीती आहे. तरी वाट बघून चालणार नाही. रुद्रेशने मान डोलावली. त्याच्या शर्टाच्या खिशाला लोखंडाचा वास येत होता, दुकानातून तसाच आला होता. त्याने बापाच्या पायावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला. माणिकप्पाला वाटलं, सांगावं. आत्ता, पाय धरलेला असताना सांगावं. पण रुद्रेश दुसऱ्या हाताने कपाळ चोळत होता आणि त्या हातात उमादेवीची सवय होती. तो पाहत राहिला की मुलगा किती म्हातारा दिसू लागलाय.

सकाळी त्याने हात पुसले, भस्म लावलं, मांडी घातली. लिंग तळहातावर घेतलं. गोळी जिभेवर ठेवण्याआधी त्याने नेहमीप्रमाणे मान खाली घातली, आणि खालच्या ओठावरून काहीतरी कोमट सुटलं. एक थेंब. तो लिंगावर पडला, काळ्या गोल दगडावरून घरंगळला आणि तळव्यातल्या पाण्यात धाग्यासारखा पसरत गेला. माणिकप्पा बघत राहिला. दुसरा थेंब पडला. आवाज न होता त्याचंच आतलं काहीतरी देवाच्या अंगावर गळत होतं आणि थांबवता येत नव्हतं. त्याने ओठ घट्ट मिटले तर तोंड भरत आलं. आयुष्यात तो विंचवाला भ्याला नव्हता, दंग्याला भ्याला नव्हता, पण आता लिंग पडेल म्हणून त्याने दुसऱ्या हाताने पहिला हात धरला. ते पाणी प्यावं की टाकावं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. तो ते धरून तसाच बसला. गोळी चादरीवर पडली होती, पांढरी, डाळीच्या दाण्याएवढी.

लिंग पुसून पेटीत ठेवलं तेव्हा वॉर्डाच्या दारात पांढरा कोट उभा होता. ती नजर फिरवत होती. माणिकप्पाने चादरीवरची गोळी मुठीत घेतली आणि वाट बघू लागला. पाय निघाले. पहिल्या खाटेवरून, दुसऱ्या खाटेवरून. त्याच्यापाशी आले. आणि थांबले नाहीत. ती त्याच्याकडे बघून किंचित मान हलवून पुढे गेली, पार टोकाला, रात्री आलेल्या एका पोरगेल्या माणसाच्या खाटेपाशी, आणि तिथेच वाकून बोलू लागली.

इतके दिवस तिचं थांबणं हीच भीती होती. आता कळलं की न थांबण्याची त्याहून मोठी असते. याचा अर्थ एकच. याचं झालं. याच्यावर वेळ घालवून उपयोग नाही. मोंढ्यात किडका माल असाच बाजूला सारतात, त्याच्यापुढे कुणी बोलीसुद्धा लावत नाही. वॉर्ड तोच होता, भीमा घोरत होता, पंखा फिरत होता, आणि माणिकप्पाला वाटलं की आपण या सगळ्याच्या बाहेर कुठेतरी बसून हे बघतोय, आपल्याशिवाय चाललेलं. त्याला उमादेवीचा शेवटचा दिवस आठवला. त्या दिवशीही डॉक्टर तिच्या खोलीवरून पुढे गेले होते.

"बाई," त्याने हाक मारली. आवाज फुटला नाही. त्याने पुन्हा मारली. "ओ बाई. माझ्याकडं या. मला सोडून जाऊ नका."

सगळा वॉर्ड वळला. ती झपझप येऊन स्टुलावर बसली. अंजूही दारातून आत आली होती. माणिकप्पाने मूठ उघडली, मग उशीखालून चंची काढली आणि दोन्ही तिच्या मांडीवर ठेवलं. तो अंजूकडे बघत नव्हता. म्हणाला, "ही लातूरची. रोज घेत व्हतो. पूजेच्या आडून."

धम्मप्रिया मॅडमने पाकिटं उलटून पाहिली. मग तिने आपल्या मोबाइलमध्ये त्याची नांदेडची गोळी काढली आणि चंचीतलं पाकीट त्याच्याशेजारी धरलं. नावं दोन आहेत, आजोबा, ती म्हणाली, औषध एकच आहे. दोन कंपन्यांनी दोन नावं ठेवलीत. तुम्ही दुप्पट घेत होता. आणि आम्ही बंद केल्यावरही एक चालूच होती.

अंजूने तोंडाला पदर लावला. "मामा," ती एवढंच म्हणाली, "मी भाईर उभी राहत व्हते. तुम्ही देवाशी बोलून राहिलात असं वाटायचं."

त्याने बाईला विचारलं, मघाशी पुढे का गेलात. ती थोडी गोंधळली. मग म्हणाली की टोकाच्या त्या माणसाला फिटच्या गोळ्या रात्रीपासून मिळाल्या नव्हत्या, तिथे आधी जावं लागलं. तुमच्याकडे येणारच होते. मी एकटी, आजोबा. एवढ्या खाटांपाशी नाही थांबता येत. ज्यांच्या गोळ्या जास्त, ज्यांचे डॉक्टर दोन, ज्यांचं रक्त पातळ, तिथं आधी थांबते. तुम्हाला वाटलं असेल मी मरणाऱ्यापाशी थांबते. असं सगळ्यांनाच वाटतं. तिने पाकिटं हातात धरून ठेवली होती. "ज्यांच्यापाशी थांबत न्हाई, घरी गेल्यावर मला त्यांचीच भीती वाटती," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचं बोलणं कोटातलं न वाटता कुठल्यातरी गावातलं वाटलं.

मग ती म्हणाली की हे डॉक्टरांना सांगावं लागेल, आणि लातूरच्या डॉक्टरांनाही. म्हणजे थोरल्या मुलाला. माणिकप्पाने हात जोडले. फेकून द्या, म्हणाला, मी पुन्हा घेणार न्हाई, पण पोरांना कळू देऊ नका. तिने मान हलवली. आज लपवलं तर दसऱ्याला लातूरला पुन्हा हीच गोळी तुमच्या हातावर पडेल, ती म्हणाली, आणि तेव्हा मी तिथे नसेन.

श्रीशैल संध्याकाळच्या आत आला. लातूरहून गाडी हाकत आला होता, डोळे लाल होते. रुद्रेश आधीच खाटेपाशी होता. दोघे भाऊ खाटेच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि एकमेकांकडे न बघता बापाकडे बघू लागले. धम्मप्रिया मॅडमने शांतपणे सगळं सांगितलं. कुठला डॉक्टर चुकला नाही, ती म्हणाली. दोघांनी बरोबर तीच गोळी दिली. तिने ते दोनदा सांगितलं. माणिकप्पा डोळे मिटून वाट बघत होता, ओल्या मातीत खोरं पडल्याचा आवाज कधी येतो याची.

"आप्पा," श्रीशैल म्हणाला, "दोन्ही कशापायी घेतल्या?"

त्याच्याऐवजी रुद्रेश बोलला, भावाशी नाही, खाटेच्या लोखंडी दांडीशी. "आपल्यापायी," तो म्हणाला.

मग बाई खाटेजवळ वाकली. तिने मुलांना विचारलं नाही. ती म्हणाली, आजोबा, रक्त जाग्यावर आल्यावर पुन्हा एक गोळी सुरू करावी लागेल. हृदयासाठी लागतेच. एकच. दोन्ही घरी तीच चालेल. कोणती ठेवायची?

दोन्ही मुलं त्याच्याकडे बघू लागली. हा प्रश्न त्याला उमादेवी गेल्यापासून कुणी विचारला नव्हता, आणि त्याने कुणाला विचारू दिला नव्हता. एकीचं नाव घेतलं की दुसरं पारडं वर जाणार. ते वर जाताना मुलाचा चेहरा कसा होईल हे त्याला आधीच दिसत होतं. त्याने जीभ ओठांवर फिरवली.

"तिसरी हाय का?" त्याने विचारलं. "तिसऱ्या नावाची?"

बाईने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग दोघा मुलांकडे. हाय, ती म्हणाली, दवाखान्यातली. औषध तेच. मग सगळीकडे तीच एक, ही लातूरची पाकिटं मी ठेवून घेते, घरची नांदेडचीही आणून द्या.

रुद्रेशने खांद्यावरची पिशवी सावरली आणि दाराकडे निघाला. श्रीशैलही निघाला. दोघे एकाच दारातून, एकामागून एक, बाहेरच्या व्हरांड्यात गेले. अंजूने सासऱ्याच्या अंगावर चादर ओढली. माणिकप्पाने तिचा हात बाजूला सारला आणि डोकं उशीवरून थोडं उचललं. बाहेर आता आवाज चढणार. आधी थोरल्याचा, मग धाकट्याचा. त्याने श्वास रोखला. ट्रॉलीची चाकं गेली, कुणीतरी खोकलं, लांब कुठेतरी मूल रडलं. पोरांचा आवाज आला नाही. ते गेले असतील वेगवेगळ्या जिन्यांनी, किंवा उभे असतील तिथेच, काय बोलायचं ते न सुचून. माणिकप्पा मान उचलून धरून ऐकत राहिला. मान दुखू लागली तरी त्याने ती खाली ठेवली नाही.